अकरा लाल ठिपके आणि एक कप चहा

रुपराव वाडबुध्यांच्या पोटावर लाल ठिपके आले आहेत ही गोष्ट रुपरावांच्या आधी त्यांच्या बायकोला कळली. हे त्या घरच्या रीतीला धरूनच झालं.

"अजी, हे काय उगवून राहिलं तुमच्या पोटावर?" न्हाणीच्या दारातून टॉवेल देता देता गोपिकाबाईंनी विचारलं.

रुपरावांना वाटलं, सकाळच्या पूजेचं कुंकू उडालं असेल. त्यांनी बोटाने पुसलं. गेलं नाही. साबण लावला. साबण गेला, ठिपके राहिले. गुंजेसारखे लालबुंद, मोहरीएवढे बारीक. दोन जरा मोठे, मसुरीच्या डाळीएवढे. रुपरावांनी ते वरून खाली मोजले, मग खालून वर मोजले. दोन्ही वेळा अकरा भरले.

दुसरा कोणी असता तर घामोळं म्हणून त्याने पावडर थापली असती आणि पाटावर जाऊन बसला असता. रुपरावांना ती सोय नव्हती. ते चौतीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन म्हणून गावोगाव जनावरं तपासत होते. शेवटची बारा-तेरा वर्षं खाप्याला काढली आणि दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशी साली, निवृत्त होऊन नागपूरला नंदनवन वस्तीत दोन खोल्यांचं घर घेऊन राहिले. आणि त्यांच्या धंद्यात लाल ठिपक्याला एकच अर्थ होता.

संकरित गायीला गोचीडताप आला की ती खाणं सोडते, कान पाडते. अशा वेळी तिची पापणी उलटवून पाहायची. आतल्या गुलाबी चामडीवर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके दिसले की समजायचं, गाय गेली. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. पण गायीचा मालक दोरी धरून समोर उभा असे, त्याची बायको दारात पदर तोंडात धरून उभी असे, आणि त्यांना काहीतरी सांगावं लागे. रुपराव पापणी हळूच खाली सोडत, गायीच्या मानेवर दोन थापा मारत आणि म्हणत, "काही नाही. दोन दिवसांत चरायले लागते."

हे वाक्य त्यांनी नोकरीत हजारदा उच्चारलं असेल. बहुतेक वेळा ते खरं असे. ज्या थोड्या वेळा ते खोटं असे, त्या घरी रुपरावांनी एक नेम पाळला होता. त्या घरचा चहा घ्यायचा नाही. "पुढच्या गावी म्हैस अडली आहे," असं म्हणून सायकलवर टांग टाकायची. तोंडाने खोटं बोलणं त्यांना जमत होतं. पण दूध त्याच गायीचं असायचं, ते काही घशाखाली उतरत नसे. हा नेम चौतीस वर्षांत कोणाच्या लक्षात आला नाही, याचं त्यांना मनातून समाधान होतं.

त्या दिवशी रुपरावांनी आरशासमोर उभं राहून स्वतःची पापणी उलटवली. आत एकही ठिपका नव्हता. याने त्यांना धीर यायला हवा होता. पण भ्यालेल्या माणसाची अक्कल फार चपळ असते. त्यांनी विचार केला, गायीला पापणीवर येतात, माणसाला पोटावर येत असतील. जनावर वेगळं, जागा वेगळी.

"काहून डोळा फाडून राहिले?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"कचरा गेला."

"दोन्ही डोळ्यांत?"

सोमवारी गोपिकाबाईंनी त्यांना धंतोलीत नेलं. धंतोलीत दवाखाने एकमेकांना इतके खेटून आहेत की चुकून शेजारच्या दारात शिरलेला माणूस भलताच रोग घेऊन घरी येतो. त्यामुळे गोपिकाबाईंनी पाटी दोनदा वाचली. डॉ. एल. डी. बागडे, त्वचारोगतज्ज्ञ. डॉक्टर तिशीचा, किडकिडीत, नुकतीच पाटी लावलेला. टेबलावर एक भिंग, एक काचेची पट्टी आणि चहाचा एक भरलेला कप. चहावर जाड साय धरली होती.

डॉक्टरांनी भिंगातून एकेक ठिपका पाहिला. काचेची पट्टी दाबली, ठिपका जरा फिका झाला. सोडली, पुन्हा लाल.

"दुखतात?"

"नाही."

"खाजतात?"

"नाही. हा एक नाड्याखाली आहे. घासला का रक्त निघते."

डॉक्टरांनी भिंग ठेवलं आणि मान वळवून गोपिकाबाईंकडे पाहिलं. "काही नाही, काकू."

हे वाक्य रुपरावांच्या चांगलंच ओळखीचं होतं.

"वय झालं की असे येतात," डॉक्टर सांगत होते. "रक्ताच्या बारीक नळ्यांचे गुच्छ असतात. त्यांच्यापासून काही होत नाही. तसेच राहू द्या."

"पथ्य काही?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"काही नाही. जे आवडते ते खाऊ द्या."

रुपरावांना दुसरं काही ऐकायची गरज उरली नाही. पहिली गोष्ट, डॉक्टर जनावराशी न बोलता मालकाशी बोलला होता. दुसरी गोष्ट, जे आवडते ते खाऊ द्या. हे रुपराव स्वतः सांगत असत. सरकीच्या ढेपेत गूळ कालवून घाला, तिच्या मनाला येईल ते घाला. ज्या गायीला पुढचा बुधवार दिसायचा नाही, तिच्यासाठी हे पथ्य असतं. आणि तिसरी गोष्ट टेबलावर होती. सिस्टर सिंधूताई आत आल्या, कपाकडे पाहून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, चहा थंडा झाला." डॉक्टर म्हणाले, "नको, घेऊन जा."

गोपिकाबाईंनी एकदा कपाकडे पाहिलं आणि पदर सावरला.

"काही नाही, तर मंग काढून टाका," रुपराव एकदम म्हणाले. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बराच वर गेला. त्यांचा हिशेब सरळ होता. डॉक्टर हात लावायला तयार झाला, तर थोडी आशा आहे. मेल्या गायीला कोणी टोचत नाही.

"गरज नाही, काका."

"मले आहे."

डॉक्टर हसले. "बरं. तो नाड्याखालचा काढून देतो. शुक्रवारी या. शुक्रवारी लिक्विड नायट्रोजन येतो आपल्याकडे. गोठवून टाकू." मग त्यांनी कागदावरचं नाव वाचलं आणि मान वर केली. "वाडबुधे? खाप्याला होते का तुम्ही? गुरांच्या दवाखान्यात?"

"होतो."

"अस्सं," डॉक्टर म्हणाले, आणि कागदाकडे पाहत पुन्हा हसले.

घरी येईपर्यंत रुपरावांच्या डोक्यात ते 'अस्सं' नव्हतं, लिक्विड नायट्रोजन होता. लिक्विड नायट्रोजन काय करतो हे नागपूर जिल्ह्यात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि हेच त्यांचं दुर्दैव होतं.

विलायती वळूच्या रेतमात्रा नायट्रोजनच्या कॅनमध्ये गोठवून गावोगाव नेण्याची योजना आली, तेव्हा ती लोकांच्या गळी उतरवायचं काम रुपरावांकडे होतं. डब्यात वळू मावतो यावर कोणाचा विश्वास बसेना. म्हणून रुपरावांनी एक खेळ बसवला होता. शाळेच्या पटांगणात लोक जमवायचे, कॅनचं झाकण काढायचं, धूर जमिनीवर लोळू द्यायचा. मग झेंडूचं एक टपोरं फूल चिमट्यात धरून आत बुडवायचं, वीस आकडे मोजायचे, बाहेर काढायचं आणि वर एक टिचकी मारायची. फुलाचे बांगडीसारखे तुकडे खळखळ खाली पडत. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा. तो पापडासारखा मोडे. शेवटी हमखास कोणीतरी विचारी, "साहेब, माणूस गेला आत तर?" आणि रुपराव मिशीला हात लावून म्हणत, "टिचकी मारली का खलास!"

या वाक्याला प्रत्येक गावात हशा यायचा. आता तेच वाक्य, हशा वगळून, चार दिवस त्यांच्या मागे लागलं.

त्यात गोपिकाबाईंनी डॉक्टरांचा शब्द पाळायचा असं जे मनावर घेतलं, ते काही केल्या सोडेनात. मंगळवारी पाटवडीचा रस्सा झाला. बुधवारी वडाभात. गुरुवारी कोथिंबिरीची सांबारवडी आणि वर पुरणाची पोळी, आणि तीही सणावार नसताना. रुपरावांना प्रत्येक ताट पाहून ढेप आणि गूळ आठवे. गोपिकाबाई वाढून समोर बसत, ते खातात की नाही ते पाहत आणि फारसं बोलत नसत. एरवी त्या बोलत नसल्या तर रुपरावांना लगेच कळत असे. पण भीती मोठी आपमतलबी असते, ती शेजारच्या पाटावर कोण बसलं आहे हे पाहू देत नाही.

"काहून रडून राहिले?"

"रस्सा तिखट आहे."

"रस्सा मंगळवारी होता. हे पुरण होय."

रुपराव पुरण खाऊ लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "गोपिके, पोट गोठवलं, अन् त्याच्यावर कोणाचा धक्का लागला, तर?"

"कोण धक्का मारते तुमच्या पोटाले?"

"बसमधी लागते."

"रिक्षानं जाऊ."

"रिक्षाले खड्डा लागते."

"मंग पायी चला."

"पायी चालताना गाय मारते एखांदी," रुपराव म्हणाले. आपल्याला मारायला एखाद्या गायीकडे पुरेसं कारण असू शकतं, हे त्यांच्या तेव्हाच मनात आलं, आणि पोळीचा घास तोंडात फिरू लागला.

शुक्रवारी सकाळी ते अंघोळ करून, स्वच्छ पायजमा घालून, देवाला दोनदा नमस्कार करून निघाले. दवाखान्यात बाकावर बसले. पाच मिनिटांत फाटकाशी सायकल थांबली आणि गुरांच्या केंद्राचा एक शिपाई कॅन उचलून आत घेऊन आला. दर शुक्रवारी गावाकडे निघताना तो इथे थांबे आणि डॉक्टरांचा थर्मास भरून देई, असं सिंधूताईंनी सांगितलं. रुपरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते कॅनकडे पाहत होते. त्याच्या कुशीला एक पोचा होता. तो पोचा खाप्याच्या बाजारात एका गोऱ्ह्याने लाथ मारून पाडला होता, आणि त्यावरचा सहा आकडा तांबड्या रंगाने त्यांनी स्वतः काढला होता.

"माहा कॅन," ते कुजबुजले.

"काय?"

"याच्यात वळू आहे, गोपिके."

गोपिकाबाईंनी कॅनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. दोहोंपैकी कोणालाच काही बोलण्यात अर्थ नाही असं ठरवून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

शिपायाने झाकण काढलं. पांढरा धूर कॅनच्या तोंडातून उतरला आणि फरशीवरून वळवळत बाकाकडे आला. आयुष्यात पहिल्यांदा रुपरावांनी त्या धुराला पाहून पाय वर घेतले. त्यांच्या उजव्या घोट्यावर एक जुना पांढरा डाग होता. एकदा थेंब बुटात गेला होता. तो डाग आता ओळखीचा माणूस दिसल्यासारखा चुरचुरू लागला.

"घाबरू नका काका," सिंधूताई म्हणाल्या. "थंड आहे नुसतं."

"एकशे शहाण्णव," रुपराव म्हणाले. "शून्याच्या खाली."

"हो का? आमच्या इथे फ्रिज घेतला आम्ही दिवाळीत," सिंधूताई म्हणाल्या आणि त्यांना आत घेऊन गेल्या.

गोपिकाबाई बाहेरच राहिल्या. आत रुपराव टेबलावर आडवे झाले. सिंधूताईंनी नाडा सोडायला सांगितलं, तो त्यांनी सोडला. डॉक्टरांनी एका काडीला कापूस गुंडाळला, थर्मासात बुडवला आणि वर काढला. कापूस चितेवरच्या लाकडासारखा धुमसत होता, फक्त उलट्या दिशेने. धूर खाली जात होता.

"काका," डॉक्टर म्हणाले, "ओळखलं नाही ना मला?"

"नाही जी."

"मी लहानू. देवाजी बागड्याचा."

पळून जाण्यासाठी माणसाचा नाडा बांधलेला असावा लागतो. तो नसल्यामुळे रुपराव जागेवरच राहिले.

देवाजी बागडे. खाप्याच्या अलीकडे कन्हानकाठी त्याचं घर. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या गावची पहिली संकरित कालवड देवाजीच्या गोठ्यात झाली होती, रुपरावांच्याच कॅनमधली. तिचं नाव पवळी. पहिलं वेत, सकाळ-संध्याकाळ मिळून अकरा लिटर दूध. लोक तिला बघायला येत. एका उन्हाळ्यात पवळीने कान पाडले. रुपरावांनी जाऊन पापणी उलटवली. मग मानेवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, काही नाही, दोन दिवसांत चरायले लागते. तिसऱ्या दिवशी पवळीला गावाबाहेर ओढून न्यावं लागलं. त्यानंतर देवाजीच्या गल्लीतून जायचं टाळण्यासाठी रुपराव दोन वर्षं नदीकडून वळसा घेत होते.

"तुम्ही आमच्या शाळेत झेंडू फोडला होता," लहानू सांगत होता. काडी त्याच्या हातात होती. "मी अगदी पुढे बसलो होतो. ती टिचकी मला फार आवडली होती."

तो वाकला.

"थांब, लहानू!" रुपराव ओरडले. सिंधूताईंच्या हातातला चिमटा खाली पडला. "थांब बापू. मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पवळीचं. पापणी उलटवली तेव्हाच मले ठिपके दिसले होते. लाल. असेच. तुह्या बापाले मी खोटं सांगतलं. औषध नव्हतं गा. काय सांगू मी? दोरी धरून उभा होता तो. दोन दिवस तरी नीट झोपंन म्हटलं..." त्यांचं पोट वर-खाली होऊ लागलं आणि त्याबरोबर अकराही ठिपके. "आता तुले जे करायचं ते कर. पण माही बायको बाहेर आहे. तिले पहिले घरी पाठव."

कापसाचा धूर विरून गेला. लहानूने काडी पुन्हा थर्मासात बुडवली. थर्मास चुर्र बोलला.

"आम्हाले माहीत होतं, काका," तो म्हणाला. धंतोलीची भाषा त्याच्या तोंडून गळाली आणि खाली कन्हानकाठची निघाली.

"काय माहीत होतं?"

"पवळी जाणार म्हणून. तुम्ही फाटकाबाहेर पडलेही नव्हते, तवाच. माही माय चहा घेऊन दारात आली, अन् तुम्ही म्हणाले, म्हैस अडली, अन् सायकलवर बसले. बाबा मायले म्हणे, कप ठेव आत. स्टॉकमननं चहा घेतला नाही. गाय गेली."

रुपराव छताकडे पाहत राहिले. छताला पंखा होता. तो फिरत होता.

"साऱ्या गावाले माहीत होतं?"

"गावाले? पंचक्रोशीले. म्हणून तर तुमची सायकल दिसली का बाया चहा ठेवत. तुम्हाले वाटलं, मानानं ठेवून राहिल्या?"

रुपरावांना तसंच वाटलं होतं. चौतीस वर्षं वाटलं होतं. निरोप समारंभाच्या भाषणातसुद्धा त्यांनी या मायभगिनींच्या आतिथ्याचा उल्लेख केला होता आणि हात जोडले होते.

"निकाल लागावा म्हणून ठेवत," लहानू म्हणाला. "तुम्ही कप उचलला का माय देवापुढं साखर ठेवे. आता हलू नका. दहा आकडे."

कापूस टेकला. आधी काहीच वाटलं नाही. मग जळती अगरबत्ती टेकवल्यासारखी एक कळ बेंबीच्या दिशेने गेली. रुपरावांनी डोळे मिटले. आकडे सिंधूताई मोजत होत्या, सावकाश, भाजीवालीला पैसे देताना मोजतात तशा. रुपरावांना झेंडू दिसत होता.

"दहा."

त्यांनी एक डोळा उघडला. नाड्याच्या जागी शर्टाच्या बटणाएवढा एक पांढराफेक, कडक गोल बसला होता. लाल ठिपका त्याच्या आत कुठेतरी गडप झाला होता. आणि लहानूने, तो बरोबर गोठला की नाही ते पाहायला, बोट वाकवून नखाने त्यावर मारलं.

टक.

रुपराव त्या क्षणी गेले. पायजम्यासकट, पेन्शनीसकट गेले. आपले तुकडे टेबलाखाली खळखळ पडतील म्हणून ते कान देऊन पडून राहिले. आवाज आला नाही. पांढरा गोल कडेकडेने गुलाबी होऊ लागला, मऊ पडला, लालसर सुजला आणि चांगलाच चुरचुरला. चुरचुरतंय म्हणजे पोट जागेवर आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

"झालं," लहानू म्हणाला. "उद्या फोड येईल, फोडू नका. आठ-पंधरा दिवसांत खपली पडून जाईल. बाकीचे ठिपके काही नाहीत, काका. खरोखर काही नाही."

तेच वाक्य पुन्हा आलं. रुपराव उठून बसले. नाडा बांधला. दोन गाठी मारल्या. आता पळून जाता येत होतं, तरी ते गेले नाहीत.

"लहानू, तुह्या बापानं मले शिव्या देल्या असतील."

"देल्या. पुष्कळ देल्या," लहानू म्हणाला. "मंग म्हणे, खोटं बोलला, पण चहा नाही पेला. जाऊ द्या."

रुपरावांनी नाक ओढलं. मग जे सोमवारपासून घशात अडकलं होतं, ते बाहेर काढलं.

"मंग सोमवारी तू काहून नाही पेला?"

"काय?"

"चहा. माहं पोट पाहिलं. काही नाही म्हणाला. अन् चहा वापस पाठवला. साय धरली होती त्याच्यावर. मी पाहिलं."

लहानू त्यांच्याकडे पाहत राहिला. आधी त्याला काही कळलं नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा दहावीतल्या पोरासारखा झाला.

"काका, मले पित्त आहे हो," तो म्हणाला. "सहा महिने झाले, चहा बंद आहे माहा. सिंधूताई इसरतात अन् आणून ठेवतात."

"इसरत नाही," सिंधूताई म्हणाल्या. "डॉक्टरासमोर कप असला का बरं दिसते."

पित्त. पुढच्या गावी अडलेली म्हैस. कारणं रुपरावांनी स्वतः पुष्कळ दिली होती, आणि सगळी अशीच ऐकायला चांगली होती. ते नुसते बसून राहिले, दोरी धरून उभ्या असलेल्या मालकासारखे.

लहानूने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड त्याने बारा वर्षांपूर्वी स्वतःच्या घरात पाहिलं होतं.

"सिंधूताई," तो म्हणाला, "एक चहा आणा."

"डॉक्टरसाहेब, मागच्या खेपेला उलटी—"

"आणा."

चहा आला. टपरीवरचा, काळपट, दोनदा उकळलेला, वर आल्याचा चोथा. लहानूने कप उचलला. पहिल्या घोटाला त्याने डोळे मिटले. रुपराव त्याच्या गळ्याकडे पाहत होते. हाड वर गेलं, खाली आलं. दुसरा घोट. तिसरा. मध्ये तो थांबला तेव्हा रुपरावांचा श्वास थांबला. मग उरलेला त्याने एका दमात संपवला आणि कप टेबलावर ठेवला.

रुपरावांनी कप उचलून उजेडाकडे धरला आणि वाकडा करून आत पाहिलं, पापणी उलटवून पाहावं तसं. तळाशी चहापत्तीचे चार कण होते.

"बाकीचे दहा ठिपके काढायचे का?" लहानूने विचारलं. त्याने एक हात छातीवर धरला होता.

"राहू दे गा," रुपराव म्हणाले. "काही नाही ते."

सिंधूताईंनी पित्ताची गोळी आधीच काढून ठेवली होती.

रुपराव बाहेर आले. एक हात पोटावर, पावलं मोजून टाकलेली. टिचकीतून वाचले असले तरी धक्क्याबद्दल त्यांची अजून पुरती खात्री झाली नव्हती. गोपिकाबाई बाकावरून उठल्या. हातातल्या पिशवीचा पट्टा पिळून पिळून त्यांनी त्याची दोरी केली होती.

"काय म्हणे डॉक्टर?"

"काही नाही म्हणे."

गोपिकाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांच्या मागे डॉक्टरांच्या दाराकडे पाहिलं.

"अन् चहा पेला का त्यानं?"

रुपराव उभ्या जागी थबकले. खाप्याची तेरा वर्षं, बायांचा पाणवठा, गोपिकाबाईंचं डोक्यावरून पाणी आणणं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून एकदम गेलं. मंगळवारचा रस्सा गेला, वडाभात गेला, सणावार नसताना केलेली पुरणाची पोळी गेली.

"तुले माहीत होतं?"

"पेला का नाही, ते सांगा पहिले."

"पेला."

"सारा?"

"तळापर्यंत. मी कप पाहिला."

गोपिकाबाई पुन्हा बाकावर बसल्या. पदराचं टोक डोळ्यांना लावलं, जरा वेळ तसंच धरलं, मग नाक पुसून पदर खोचला. पिशवीचा पट्टा सरळ केला.

"चला," त्या म्हणाल्या. "आजपासून वरणभात. चार दिवस तुमच्यापाई चुलीपुढून उठली नाही मी."

फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. रुपराव आधी चढले, हळूच, आणि रिक्षावाल्याच्या पाठीला बोट लावून म्हणाले, "भाऊ, खड्डे पाहून चालव गा. आत काचेचा माल आहे."

"कुठं आहे काच?" रिक्षावाल्याने वळून विचारलं.

"चालव तू," गोपिकाबाई म्हणाल्या, आणि नंदनवन येईपर्यंत त्यांनी आपला हात नवऱ्याच्या पोटासमोर आडवा धरून ठेवला.